पाच लिटरची बाजू

1969 साली ल माँची 24 तासांची शर्यत संपली, तेव्हा पहिल्या दोन गाड्यांत जेमतेम 120 मीटरचे अंतर होते. पुढे जॅकी इक्स आणि जॅकी ऑलिव्हर यांची फोर्ड जीटी 40, मागे पोर्शे 908. विजेत्या गाडीचा चासी क्रमांक 1075. आदल्या वर्षी पेद्रो रॉड्रिगेझ आणि लुसियाँ बियांकी यांनी हीच गाडी जिंकवली होती. दोन्ही वेळा चालकाच्या पाठीमागे पाच लिटरच्या आतले, 302 घन इंचांचे व्ही-8 इंजिन होते.

जीटी 40 च्या प्रतिकृती आज ब्रिटन, अमेरिका, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलियात बांधल्या जातात. सांगाडा आणि बाह्यांग तयार मिळते, खरा पेच इंजिनापाशी पडतो. बहुतेकांचे मन 1966 कडे ओढ घेते, कारण त्या वर्षी सात लिटरच्या, 427 घन इंचांच्या इंजिनाने फोर्डला पहिले तिन्ही क्रमांक मिळवून दिले. तरी माझे मत 302 च्या बाजूने आहे.

सात लिटरची किंमत फोर्डने पुरेपूर मोजली होती. जड इंजिनाच्या ताकदीपुढे झेडएफ कंपनीचा गिअरबॉक्स टिकणार नव्हता, म्हणून स्वतंत्र गिअरबॉक्स घडवावा लागला. वाढलेले वजन ताशी 300 किलोमीटरवरून थोपवताना ब्रेकच्या तबकड्या लाल होत, म्हणून त्या पिटमध्ये झटपट बदलण्याची सोय करावी लागली. इतका खटाटोप कारखान्याला परवडतो. 1968 मध्ये नियम बदलले. प्रायोगिक गाड्यांवर तीन लिटरची मर्यादा आली, तर किमान 50 संख्येने बनलेल्या गाड्यांना पाच लिटरपर्यंत मुभा मिळाली. मग डॅन गर्नी आणि हॅरी वेस्लेक यांच्या नावाची, हवा मोकळी खेळवणारी सिलिंडर हेड लावून 302 मधून सुमारे 425 अश्वशक्ती काढली गेली.

आता मधला मोह पाहू. 302 च्याच ब्लॉकमध्ये लांब स्ट्रोकचा क्रँकशाफ्ट आणि किंचित मोठे पिस्टन बसवले की 347 घन इंचांचे इंजिन होते. बाहेरून काही कळत नाही आणि टॉर्क भरघोस वाढतो. पण स्ट्रोक 76.2 मिलिमीटरवरून 86.4 वर जातो, आणि पिस्टनला तेवढ्याच वेळात जास्त अंतर कापावे लागते. मिनिटाला 7000 फेरे म्हणजे पिस्टन सेकंदाला 233 वेळा थांबून उलटा फिरतो. वरच्या टोकाला त्याचे त्वरण 302 मध्ये गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे 2700 पट असते, 347 मध्ये 3100 पट. अर्धा किलो वजनाच्या पिस्टनला परत खेचायला कनेक्टिंग रॉडला पहिल्या इंजिनात सव्वा टनाहून अधिक बळ लागते, दुसऱ्यात दीड टनाच्या वर. हे बळ फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून 347 चा फायदा खऱ्या अर्थाने 6000 च्या आतच आहे. रस्त्यावर फिरणाऱ्या गाडीला तो पुष्कळ उपयोगी पडेल. शर्यतीच्या मार्गावर मात्र उंच फेऱ्यांवर मोकळे गाणारे लहान इंजिन मला अधिक योग्य वाटते. शिवाय 302 चा साधा ओतीव ब्लॉक 500 अश्वशक्तीच्या आसपास मधोमध उभा चिरू शकतो. जादा ताकद हवी असेल तर ब्लॉकही जाड भिंतींचा घ्यावा लागतो.

फोर्डचेच 351 विंडसर इंजिन हा आणखी एक पर्याय. त्याचा ब्लॉक मुळातच दणकट, पण 33 मिलिमीटरने उंच. जीटी 40 मधल्या 40 चा अर्थ जमिनीपासून छतापर्यंत 40 इंच. अशा गाडीत वेबर कार्ब्युरेटरचे उभे भोंगे मागच्या झाकणाखाली बसवताना ते 33 मिलिमीटर फार जड जातात.

आणि एक्झॉस्ट! इंजिनामागे एकमेकांत गुंतलेल्या त्या आठ नळ्या शोभेच्या नाहीत. या व्ही-8 चा क्रँकशाफ्ट 90 अंशांच्या कोनांत घडवलेला असल्याने एकाच बाजूच्या चार सिलिंडरमध्ये स्फोट समान अंतराने होत नाहीत. कधी 90, कधी 180, कधी 270 अंशांनी होतात. लागोपाठच्या दोन स्फोटांचा धूर एकाच नळीत आदळला की एक सिलिंडर दुसऱ्याची वाट अडवतो. म्हणून प्रत्येक बाजूच्या दोन नळ्या पलीकडे नेतात. मग प्रत्येक जोडनळीत बरोबर 180 अंशांनी एकेक धक्का येतो आणि त्यामागची कमी दाबाची लाट पुढच्या सिलिंडरमधला जळलेला वायू ओढून घेते. जीटी 40 चा तो चढा, सलग आवाज यातूनच येतो. ही जोडणी मी कुठल्याही किमतीला सोडणार नाही.

यापुढे तेलाचा विचार हवा, आणि नेमका तोच राहून जातो. रुंद, चिकट टायर असलेली गाडी लांब वळणावर गुरुत्वाकर्षणाइतक्या बळाने बाजूला खेचली जाते. तेल संपच्या, म्हणजे इंजिनाच्या तळाशी असलेल्या तेलाच्या भांड्याच्या, एका कडेला चढते, पंपाच्या तोंडाशी हवा येते आणि क्षणभरात बेअरिंग कोरडी पडतात. त्यासाठी झडपांचे कप्पे असलेला रुंद संप घ्यावा किंवा तेल वेगळ्या टाकीत साठवणारी ड्राय संप यंत्रणा बसवावी. पैसा मोजका असेल तर तो मी आधी इथे घालेन. हेड पुढच्या वर्षीही बदलता येतात. बेअरिंग जळाले की क्रँकशाफ्टसकट सारे इंजिन उतरवावे लागते.