दशावतार, पण डेथ मेटलमध्ये!

नांदेड-लातूरकडच्या मित्रमंडळींनो, मेटल म्हणजे नुसता आरडाओरडा असं म्हणणाऱ्याला मी एकच अल्बम ऐकवतो: 'दशावतार', साल 2017. बँड आपल्या मुंबईचा, डेमॉनिक रेझरेक्शन.

साहिल मखिजा या गायक-गिटारिस्टनं 2000 साली हा बँड उभा केला. तेव्हा असलं संगीत छापायला आपल्याकडे कुणी धजत नव्हतं, म्हणून त्यानं स्वतःचीच रेकॉर्ड कंपनी काढली. ही जिद्द मला सगळ्यात मोठी वाटते. 2010 च्या 'द रिटर्न टू डार्कनेस'नंतर बाहेरच्या जगानंही दखल घेतली. त्याच वर्षी ब्रिटनच्या 'मेटल हॅमर' मासिकाचा पुरस्कार मिळाला.

सुरुवातीची गाणी अंधार, राक्षस, विनाश यांची, म्हणजे युरोपातल्या बँड्सच्या वाटेवरची. 'दशावतार'मध्ये मात्र दहा अवतारांची दहा गाणी आहेत, मत्स्यापासून कल्कीपर्यंत. बोल इंग्रजी, गोष्ट आपली. 'नरसिंह' हेडफोन लावून ऐकाच. पायाखालचे दोन बास ड्रम हलगी कडाडावी तसे सुटतात आणि वर ती घशातली गुरगुर! अर्धा सिंह, अर्धा माणूस असलेल्या देवाला याहून शोभेल असा आवाज मला तरी सुचत नाही. औशाजवळच्या खरोसा लेण्यांत नरसिंहाचं शिल्प आहे. तिथं जाणार असाल तर हे गाणं मोबाइलमध्ये उतरवून घ्या.

आधी 'मत्स्य' लावा, मग 'नरसिंह'. कुणाला कुठलं आवडलं, खाली लिहा.