झाडे लावू या, वन जगवू या

तथागतांचा जन्म लुंबिनी वनात झाला, त्यांना संबोधी पिंपळवृक्षाखाली लाभली आणि त्यांचे महापरिनिर्वाण कुशीनारा येथे जोड शालवृक्षांखाली झाले. रस्त्यांच्या कडेला वड व आमराया लावल्याचे सम्राट अशोकाने स्तंभलेखात कोरून ठेवले आहे. हा वारसा सांगणाऱ्या आपण एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. झाडे लावणे वेगळे आणि वन उभे करणे वेगळे.

मुंबईचे उदाहरण घेऊ. धारावीला लागून, मिठी नदीच्या काठी सुमारे ३७ एकर जागेवर पूर्वी शहराचा कचरा टाकला जाई. त्यावर मातीचा थर देऊन झाडे लावण्यात आली. १९८३ साली पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अली यांच्या हस्ते पहिले रोप लागले आणि १९९४ साली महाराष्ट्र निसर्ग उद्यान लोकांसाठी खुले झाले. मध्ये अकरा वर्षे गेली! आज तेथे दाट झाडी आहे, पाखरे आहेत, फुलपाखरे आहेत.

आपल्या वस्तीतील उद्यानात हे घडेल काय? घडेल, परंतु झाडांची निवड महत्त्वाची. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, सुबाभूळ व गिरिपुष्प मध्य अमेरिकेकडचे. ही झाडे झटपट वाढतात, पण येथील जीवसृष्टीशी त्यांचे नाते थोडे. सुबाभळीचे बी तर इतके रुजते की इतर रोपांना जागाच उरत नाही. उलट आपला उंबर पाहा. परागीभवन करणारे चिमुकले कीटक त्याच्या फळातच वाढतात. फळे पिकली की बुलबुल, तांबट, वटवाघळे येतात व बी दूरवर नेतात. बहावा व कढीपत्ता यांच्या पानांवर फुलपाखरांच्या अळ्या पोसतात. पळस, पांगारा, काटेसावर पानगळीनंतर फुलून पाखरांना मध देतात.

वनाला थर असतात. वर उंच वृक्ष, खाली कुडा, करवंद यांसारखी झुडपे, मधून वेली आणि जमिनीवर पालापाचोळा. हा पाला कुजून माती सकस करतो, ओल धरतो. तो झाडून जाळणे म्हणजे वनाच्या तोंडचा घास काढणे होय. जुनी परदेशी झाडे एकदम तोडू नयेत. त्यांच्या सावलीत देशी रोपे वाढवावीत आणि सुबाभळीची नवी रोपे मात्र उपटत जावे.

आता वेळेविषयी. १४ एप्रिलला किंवा बुद्धपौर्णिमेला आपण उत्साहाने रोपे लावतो, छायाचित्रे निघतात आणि पाऊस येण्याआधीच रोपे वाळून जातात. यात दोष रोपांचा नाही. बुद्धपौर्णिमेला खड्डे खणावेत, बिया गोळा कराव्यात. पाऊस स्थिरावल्यावर आषाढ पौर्णिमेच्या सुमारास, वर्षावास सुरू होताना रोपे लावावीत. पावसाळ्यात उगवलेले कोवळे गवत व सूक्ष्म जीव पायांखाली तुडवले जाऊ नयेत, म्हणून भिक्खूंनी एका जागी राहावे असा नियम तथागतांनी घालून दिला. त्या दिवशी रोप लावणे किती समर्पक!

पुढचे किमान तीन उन्हाळे पाणी द्यावे लागेल. म्हणून शंभर रोपे लावून विसरण्यापेक्षा दहाच लावावीत आणि प्रत्येक रोप एकेका कुटुंबाने किंवा विद्यार्थ्याने सांभाळावे. विद्यार्थी मित्रांनी आपल्या रोपाची वही ठेवावी. पाने कधी आली, कोणती अळी दिसली, कोणते पाखरू बसले, हे लिहावे. मैत्री व करुणा यांचा अभ्यास असाही होतो.

जयभीम!