चटणीतली दोन स्निग्धाम्ले

नाशिक जिल्ह्यात इगतपुरी, पेठ, सुरगाण्याच्या डोंगरउतारांवर पावसाळा सरताना खुरासणीची पिवळी फुले दिसतात. खुरासणी म्हणजेच कारळे. इगतपुरीच्या कृषी संशोधन केंद्राने या पिकाचे सुधारित वाणही दिले आहेत.

कारळ्याच्या तेलात लिनोलेइक आम्ल, म्हणजे ओमेगा-६, भरपूर असते. ओमेगा-३ गटातले अल्फा-लिनोलेनिक आम्ल मिळते जवसातून. ही दोन्ही स्निग्धाम्ले शरीराला बनवता येत नाहीत, ती अन्नातूनच घ्यावी लागतात. म्हणून ती 'आवश्यक'. अमेरिकेतील जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने 1929 मध्ये उंदरांना स्निग्धरहित आहार दिला, तेव्हा त्यांची वाढ खुंटली आणि कातडी खवलेदार झाली. पेशींची आवरणे घडवण्यासाठी आणि त्वचेतला ओलावा टिकवण्यासाठी ही आम्ले लागतात. मेंदूला लागणारे डीएचए हे स्निग्धाम्ल शरीरात अल्फा-लिनोलेनिक आम्लापासूनच बनते, पण फार थोडे. बांगडा, तारलीसारख्या माशांतून ते थेट मिळते.

शेंगदाणा, सूर्यफूल, सोयाबीन यांच्या तेलांतून ओमेगा-६ आपल्याला सहज मिळते. कमी पडते ते ओमेगा-३. चमचाभर, म्हणजे सुमारे 10 ग्रॅम जवसात ते 2 ग्रॅमच्या आसपास असते. प्रौढांची दिवसाची गरज एक ते दीड ग्रॅमची.

अख्खे जवस न पचताच बाहेर पडते आणि त्याची पूड लवकर खवट होते. म्हणून जवस हलके भाजा, थोडेच कुटा आणि भाकरीबरोबर कारळे-जवसाची चटणी रोज खा.