उरीयासोबत आणखी कोण मेले?

दावीद राजाचे सैन्य राब्बा शहराला वेढा घालून बसले होते आणि राजा मात्र यरुशलेमेत मागे राहिला होता. संध्याकाळी राजवाड्याच्या गच्चीवर फिरताना त्याने बथशेबाला स्नान करताना पाहिले. ती आपल्याच सैन्यातल्या उरीयाची पत्नी आहे हे कळूनही त्याने तिला बोलावून घेतले. पुढे तिला दिवस गेले. मग सेनापती यवाबाच्या नावे पत्र गेले: उरीयाला तुंबळ लढाईत पुढे ठेवा आणि मागे सरका. ते पत्र उरीयाच घेऊन गेला.

बायबलमधल्या शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकातली ही हकीकत अनेकांना ठाऊक आहे. तिच्यातला एक तपशील मात्र सहसा नजरेतून निसटतो. उरीया एकटा मेला नाही. त्या दिवशी दावीदाचे आणखी काही सैनिकही पडले. त्यांची नावेसुद्धा आपल्याला ठाऊक नाहीत. राजाच्या वासनेशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता.

‘ज्याचे पाप त्याच्या माथी’ असे आपण सहज म्हणतो. ख्रिस्ती विचाराला हे अर्धेच मान्य आहे. पापाचा जाब ज्याने त्याने द्यायचा हे खरे; पण त्याची झळ कुणाकुणाला लागेल, हे करणाऱ्याच्या हातात राहत नाही. यवाब हुकूम पाळून खुनाचा वाटेकरी झाला. दावीदाचा मुलगा अम्नोन याने सावत्र बहीण तामारवर बलात्कार केला, तेव्हा राजा संतापला, पण त्याने मुलाला शिक्षा केली नाही. तामारचा सख्खा भाऊ अबशालोम याने दोन वर्षांनी अम्नोनचा खून करवला, पुढे बापाविरुद्ध बंड केले आणि त्यात तोही मारला गेला. तामार भावाच्या घरी उदास जिणे जगत राहिली.

मग बापाच्या पापाबद्दल मुले दोषी ठरतात का? यहेज्केल संदेष्ट्याने याला स्पष्ट नकार दिला: मुलगा बापाच्या अपराधाचा भार वाहणार नाही. जन्मांध माणसाकडे बोट दाखवून शिष्यांनी विचारले, ‘पाप कोणाचे, याचे की आईबापांचे?’ येशूने दोन्ही पर्याय नाकारले. हा भेद फार महत्त्वाचा आहे. एकाच्या पापाने दुसऱ्याला दुखापत होते, पण म्हणून दुसरा पापी ठरत नाही. दुःख भोगणाऱ्याकडे संशयाने पाहण्याची सवय ख्रिस्ती समाजातही आहे, आणि ती येशूच्या शिकवणीविरुद्ध आहे.

अठराव्या शतकातल्या जॉन न्यूटन या इंग्रज खलाशाच्या आयुष्यात हे सारे मोठ्या प्रमाणावर दिसते. 1748 मध्ये भर वादळात जहाज बुडू लागले तेव्हा त्याने देवाचा धावा केला. तो वाचला, प्रार्थना करू लागला, बायबल वाचू लागला. तरीही 1750 ते 1754 या काळात गुलामांच्या जहाजाचा कप्तान म्हणून त्याने तीन सफरी केल्या. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून बेड्या घातलेली माणसे तो अटलांटिकपार नेत होता. आपली भक्ती आणि आपला धंदा यांत त्याला तेव्हा विसंगती वाटत नव्हती. आजारपणामुळे त्याने समुद्र सोडला, 1764 मध्ये तो धर्मगुरू झाला आणि पुढे ‘अमेझिंग ग्रेस’ हे जगप्रसिद्ध गीत त्याने लिहिले.

त्या व्यापाराविरुद्ध त्याची पुस्तिका निघाली ती 1788 मध्ये, कप्तानपद सोडल्यावर 34 वर्षांनी. आपली कबुली उशिरा येत आहे, हे त्याने त्यात मान्य केले. गुलामांच्या हालांबरोबरच खलाशांचे काय होते, हेही त्याने सांगितले. या धंद्यात ते रोगराईने मरत, आणि जे जगत त्यांची मने निबर होत.

देवाने क्षमा केली म्हणजे प्रकरण मिटले, असे ख्रिस्ती शिकवण म्हणत नाही. वेदीपाशी अर्पण आणल्यावर भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा, असे येशूने सांगितले. जकातदार जक्कय याने ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत करण्याचा शब्द दिला. चोरलेले परत करावे, ज्याची बदनामी केली त्याचे नाव पुन्हा उजळावे, अशी अपेक्षा कॅथलिक चर्च पापनिवेदनानंतरही ठेवते. मिस्सेच्या सुरुवातीची पापकबुलीची प्रार्थनाही देवाबरोबर शेजारच्या बंधुभगिनींना उद्देशून असते, आणि तिच्यात केलेल्या कृत्यांइतकाच करायचे राहून गेलेल्या कर्तव्यांचाही उल्लेख असतो.

न्यूटनने नेलेली माणसे परत आणणे शक्य नव्हते. तो जे जाणत होता ते चारचौघांत सांगणे मात्र शक्य होते. ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे त्याने साक्ष दिली आणि गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढणाऱ्या विल्यम विल्बरफोर्स या खासदाराला धीर दिला. व्यापारबंदीचा कायदा 1807 मध्ये मंजूर झाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात न्यूटन वारला. ब्रिटिश वसाहतींत आधीच नेऊन विकलेल्यांची गुलामी मात्र या कायद्याने संपली नाही. ती संपवणारा कायदा लागू व्हायला 1834 साल उजाडले.