शेतकी कॉलेजातलं संख्याशास्त्र

परदेशी प्रवेशाची पत्रं नागपुरात रात्री येतात. अमेरिकेच्या मध्य भागातली ऑफिसं उघडतात तेव्हा इकडे जेवणं चाललेली असतात. त्यामुळे फेब्रुवारी ते एप्रिल अशा घरांत पोळीचा घास हातात आणि डोळे मोबाइलवर. कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचं माझं काम संपलं, हा हंगाम मात्र सुटलेला नाही. मुलं लक्ष्मीनगरच्या घरी येतात, लॅपटॉप उघडतात आणि विचारतात, "मॅडम, कुठलं घेऊ?" यंदा एका मुलीची निवड मी अगदी जवळून पाहिली.

तिनं एक्सेलमध्ये तक्ता केला होता. चार ओळी: न्यूयॉर्कच्या एका नामांकित विद्यापीठातलं मास्टर्स, आयोवा स्टेटची पीएचडी, म्युनिकच्या एलएमयूचं मास्टर्स आणि कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटचं एम.स्टॅट. रकान्यांत फी, राहण्याचा खर्च, क्रमवारी, हवामान, नोकरी. प्रत्येकाला गुण, गुणांना भार, शेवटी बेरीज. न्यूयॉर्क पहिलं आलं होतं. भार जरा बदलून बघ म्हटलं. फीचा भार वाढवला तर म्युनिक वर, नावाचा वाढवला की पुन्हा न्यूयॉर्क. भार तिनंच घातलेले, म्हणजे उत्तरही तिनंच आधी घातलेलं. माझ्याआधी तिलाच ते दिसलं आणि ती हसली.

खरी अडचण वेगळी होती. अमेरिकेत संख्याशास्त्राचं मास्टर्स बहुतेक ठिकाणी पदरच्या पैशानं करायचं असतं. पीएचडीत विभाग फी माफ करतो आणि वर महिन्याला पगार देतो. बदल्यात पदवीच्या मुलांचे तास घ्यायचे, गृहपाठ तपासायचे. न्यूयॉर्कची नुसती फीच साठ लाखांच्या वर जात होती. आयोवाचं पत्र उलट पैसे देत होतं. एकीकडे खरेदी, दुसरीकडे नोकरी, आणि दोन्ही एकाच तक्त्यात. आपल्याकडे मास्टर्स केल्याशिवाय पीएचडी नाही, अशी समजूत पक्की आहे. तिकडे पदवीनंतर थेट पीएचडीला घेतात आणि बऱ्याच विभागांत मास्टर्सची पदवी वाटेत मिळून जाते, हे घरच्यांना पटवायला तिला फार बोलावं लागलं.

पैशाचं पत्र कसं वाचायचं, यावर आमची एक दुपार गेली. वर आकडा मोठा दिसतो, पण तो नऊ महिन्यांचा की बारा? उन्हाळ्यात काय? फी माफ म्हणजे शिकवणी फी. आरोग्य विमा आणि विद्यापीठाची बाकीची शुल्कं कोण भरणार? आठवड्याला वीस तास काम म्हणजे एफ-वन व्हिसावर सत्र चालू असताना तेवढंच, त्याच्यावर बाहेर कुठे एक तासही नाही. 'समाधानकारक प्रगती असेपर्यंत' या तीन शब्दांच्या मागे क्वालिफायर परीक्षा उभी असते. ती कधी, किती वेळा देता येते, नापास झालेल्यांचं काय होतं? तिनं विभागातल्या जुन्या विद्यार्थ्यांना मेल केले. माहितीपत्रकात नसलेलं सगळं त्या उत्तरांत आलं: कोणते प्राध्यापक दोन वर्षांत निवृत्त होणार, कोणाकडे आधीच गर्दी आहे, बर्फात बस किती उशिरा येते.

घरात मात्र चर्चा बेसाच्या प्लॉटची. साडेसात लाखांच्या वर कर्ज म्हटलं की बँक बहुधा तारण मागते, आणि नागपुरात तारण म्हणजे प्लॉट. प्लॉट म्हणजे पहिला प्रश्न, "आरएल आहे का?" प्लॉट नियमित असल्याचं सुधार प्रन्यासाचं ते पत्र असलं तर मूल्यांकन पुढे सरकतं, नसलं तर मुलगी न्यूयॉर्कच्या दारात आणि फाइल बँकेच्या दारात. बाबांनी कागद काढून ठेवलेच होते. त्यांचा हिशेब सरळ होता: मास्टर्स, मग संख्याशास्त्र विज्ञान-तंत्रज्ञानात मोडतं म्हणून ओपीटीची, म्हणजे शिकून झाल्यावर तिथे काम करायच्या परवानगीची, तीन वर्षं, तोवर कर्ज फेडून होईल. पण २०२५ च्या सप्टेंबरात एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं. अमेरिकेत शिकून तिथेच व्हिसाचा प्रकार बदलणाऱ्यांना ते लागू नाही, असा खुलासा महिनाभरात आला. तरी लाख डॉलर हा आकडा घरात शिरला तो शिरलाच. आईनं प्लॉटचे कागद परत कपाटात ठेवले.

मग क्रमवारी. "क्यूएसमध्ये आयोवा कुठे आहे ते पाहिलं का?" असं तिच्या मावसभावानं विचारलं. वरच्या दोनशेत नाही, हे खरं. पण त्या क्रमवारीत प्राध्यापकांच्या मताला ३० टक्के आणि मालकवर्गाच्या मताला १५ टक्के भार आहे. जवळजवळ निम्मा निकाल लोकांना काय वाटतं यावर, आणि तोही अख्ख्या विद्यापीठाबद्दल. संख्याशास्त्र विभागाला त्यात स्वतंत्र जागा नाही.

आजोबांचा आक्षेप यापेक्षा मुळाला हात घालणारा होता. उमरेडजवळ त्यांची शेती. आयोवा स्टेटचं जुनं नाव त्यांनी नातवाकडून शोधून घेतलं आणि म्हणाले, "एवढी शिकली, अन् शेवटी शेतकी कॉलेजातच जाऊन राहिली का?" त्यांच्या डोळ्यांसमोर महाराजबागेजवळचं शेतकी कॉलेज. आणि माहिती म्हणून ते बरोबरच होते. १९५९ पर्यंत त्या संस्थेच्या नावात शेती होती.

मी त्यांना सांगितलं, आजोबा, हा विषयच शेतातून वर आलाय. रोनाल्ड फिशर १९१९ मध्ये इंग्लंडमधल्या रॉदमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात रुजू झाले आणि खतांच्या प्रयोगांचे आकडे उलगडता उलगडता आजच्या संख्याशास्त्राचा पाया घातला गेला. अमेरिकेत जॉर्ज स्नेडेकर यांनी १९३३ मध्ये एम्सला, म्हणजे याच आयोवा स्टेटमध्ये, संख्याशास्त्राची प्रयोगशाळा काढली. तिथल्याच गर्ट्रूड कॉक्स पुढे नॉर्थ कॅरोलिनात रॅलीला गेल्या आणि तिथल्या शेतकी कॉलेजात विभाग उभा केला. म्हणून या विषयातले कितीतरी दणकट विभाग मक्याच्या नाहीतर तंबाखूच्या मुलखात सापडतात आणि सर्वसाधारण यादीत खाली दिसतात. मराठी माणसांनाही हा रस्ता नवा नाही. बुधचे पांडुरंग सुखात्मे लंडनहून १९३६ मध्ये पीएचडी घेऊन आले ते शेतीच्या आकडेवारीकडे वळले आणि पुढे रोमला अन्न व कृषी संघटनेत गेले. पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग उभारणारे व. शं. हुजूरबाजारही काही काळ एम्सला शिकवत होते.

आणि नागपूरचं उदाहरण तर सिव्हिल लाइन्समध्येच आहे. शरदचंद्र श्रीखंडे. जन्म १९१७, सागरचा. शिक्षण इथल्या सरकारी विज्ञान महाविद्यालयात, पुढे तिथेच अध्यापन. पीएचडी केली नॉर्थ कॅरोलिनातल्याच चॅपेल हिलला, १९५० मध्ये. ते गेले तेव्हा तो विभाग नवाकोरा होता. हॅरोल्ड हॉटेलिंग यांनी न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ सोडून १९४६ मध्ये तो सुरू केलेला. कोलकात्याचे राजचंद्र बोसही १९४९ मध्ये तिथेच गेले, आणि श्रीखंडे त्यांचे विद्यार्थी. त्या काळी कोणी यादी केली असती, तर चार वर्षांच्या त्या विभागाला तीत जागा मिळणं कठीण होतं.

तिथून जे निघालं ते असं. ऑयलरनं १७८२ मध्ये एक कोडं मांडलं होतं: सहा पलटणींतले सहा हुद्द्यांचे छत्तीस अधिकारी चौकोनात असे उभे करायचे की प्रत्येक आडव्या आणि उभ्या रांगेत प्रत्येक पलटण आणि प्रत्येक हुद्दा एकेकदाच यावा. जमत नाही, आणि १०, १४, १८, २२ अशा आकारांनाही जमणार नाही, असा त्याचा अंदाज. सहाच्या बाबतीत तो खरा होता. बोस आणि श्रीखंडे यांनी २२ चा चौकोन मांडून दाखवला, अर्नेस्ट पार्कर यांनी १० चा, आणि मग तिघांनी मिळून दोन व सहा सोडून बाकी सगळे आकार जमतात हे सिद्ध केलं. १९५९ च्या एप्रिलात न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर ती बातमी होती. या कोड्याच्या मुळाशी असलेले लॅटिन चौकोन शेताच्या वाफ्यांत बियाण्याचे वाण वाटून पेरायला वापरतात. आजोबांना कोडं आवडलं नाही, वाफे आवडले. श्रीखंडे १०२ वर्षं जगले, २०२० मध्ये गेले, हे ऐकून म्हणाले, "मग पोरीनं जायला हरकत नाही."

क्रमवारीला हसणं मात्र सगळ्यांना परवडत नाही. माझ्याच दुसऱ्या विद्यार्थ्याला मास्टर्ससाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती हवी होती आणि तिला क्यूएसची अट आहे. विभाग कितीही चांगला असो, विद्यापीठ यादीत खाली असलं की अर्जच करता येत नाही. त्यानं एम्स, रॅली हे सगळं सुरुवातीलाच खोडलं आणि एडिनबरा धरलं, एका वर्षाचं. तिथं शिकून झाल्यावर थांबायची मुभा दोन वर्षांवरून दीडवर येते आहे, तेही त्यानं मोजलं होतं. त्याचा निर्णय मला या मुलीच्या निर्णयाइतकाच पक्का वाटला. बाकीच्या यादीत शहाणपण शोधायला त्याच्याकडे जागाच नव्हती.

न्यूयॉर्कचा मोह शेवटी सुटला तो एका टक्केवारीमुळे. 'सहा महिन्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक विद्यार्थ्यांना नोकरी.' खाली बारीक अक्षरात होतं की हा आकडा उत्तर पाठवलेल्यांतला आहे. उत्तर किती जणांनी पाठवलं? ते कुठेच नव्हतं. ज्याला नोकरी मिळाली तो फॉर्म भरतो, ज्याला नाही तो भरत नाही. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला हे मीच शिकवलेलं. तिनं मेल करून छेद विचारला. उत्तर सौजन्यपूर्ण आलं, छेद आला नाही.

चारही दारं एकाच वेळी उघडत नाहीत, हे तक्ता सांगत नाही. न्यूयॉर्कला मार्चमध्येच परत न मिळणारी अनामत हवी होती. म्युनिकसाठी एपीएसचं, म्हणजे इथली कागदपत्रं तपासल्याचं, प्रमाणपत्र काढून झालं होतं; तिथे शिकवणी फी नाही, पण वर्षाचे ११,९०४ युरो बंद खात्यात दाखवायचे आणि उत्तराचा पत्ता नाही. आयएसआयची परीक्षा मे महिन्यात. तिथे फी नाही, वर विद्यावेतन. घराजवळ आणि विषयात अव्वल. तिला ते मनापासून हवं होतं आणि माझंही मत तिकडे झुकत होतं. पण ती परीक्षा व्हायच्या आधीच पंधरा एप्रिल येतो. पैशांसह दिलेल्या प्रस्तावांवर त्याआधी उत्तराची सक्ती करायची नाही, असा अमेरिकी विद्यापीठांचा आपसातला ठराव आहे, आणि त्या दिवशी मुदत संपते. हातातलं सोडून परीक्षेवर भिस्त ठेवायची का, याचं गणित मांडता येतं. ते तिनं मांडलंही. उत्तरासाठी लागणारी मुख्य संख्या, म्हणजे आयएसआयला निवड होण्याची शक्यता, दोघींनी वेगवेगळी धरली होती. माझी जास्त होती. तिनं स्वतःची वापरली.

चौदा एप्रिलला बँकांना सुट्टी, दीक्षाभूमीकडे जाणारे रस्ते निळ्या झेंड्यांनी भरलेले. त्या रात्री तिनं आयोवाला होकार कळवला आणि लगेच न्यूयॉर्कला नकार, म्हणजे प्रतीक्षायादीतल्या कोणाचं तरी काम होईल. सध्या ती कॅसेला-बर्जरच्या पाठ्यपुस्तकातली उदाहरणं सोडवते आहे आणि मुंबईतल्या व्हिसा मुलाखतीची तारीख शोधते आहे. एम्सची वस्ती वर्ध्यापेक्षाही कमी, हे कळल्यावर आईला जरा बरं वाटलं. आजोबांनी विचारलं, तिकडे पिकते काय? मका आणि सोयाबीन, असं तिनं सांगितलं. त्यांचा पुढचा प्रश्न होता, "सोयाबीनला भाव काय देऊन राहिले?" तो तिनं तक्त्यात घेतलेला नव्हता.