बॉल जॉइंट तपासताना जॅक कुठे लावायचा?

खड्ड्यातून जाताना पुढच्या चाकापाशी ‘खट्’ झालं की ‘बॉल जॉइंट गेला’ असं निदान लगेच ऐकू येतं. तो आवाज बऱ्याचदा स्टॅबिलायझरच्या लिंकचा, लोअर आर्मच्या बुशचा नाहीतर स्ट्रटच्या वरच्या माउंटचा निघतो आणि विनाकारण बॉल जॉइंट बदलला जातो. पैसे वाया जाण्यापलीकडे यात फारसं नुकसान नाही. जास्त धोका उलट्या समजुतीत आहे. आवाज नाही म्हणजे जॉइंट ठणठणीत, असं आपण धरून चालतो. झिजलेला जॉइंट कितीतरी दिवस गप्प राहू शकतो, कारण गाडी चालत असताना भार त्याला एकाच बाजूला दाबून धरतो. म्हणून कान आणि किलोमीटर यांच्या भरवशावर न राहता जॉइंटवरचा भार उतरवायचा आणि मग त्यातला प्ले, म्हणजे ढिलाई, पाहायचा, हाच पक्का मार्ग आहे. आता भार उतरवायचा कसा, हे गाडीच्या रचनेवर ठरतं, आणि घाईच्या तपासणीत नेमकं हेच सुटतं.

शाळेच्या पुस्तकातला खांद्याचा उखळीचा सांधा आठवला की बॉल जॉइंटची रचना निराळी समजावून सांगावी लागत नाही. पोलादी पिनेच्या टोकाला गोळा असतो. तो वाटीत बसतो, मध्ये प्लास्टिकचं अस्तर आणि ग्रीस असतं आणि वरून रबरी बूट. चाक वर-खाली होतं, स्टिअरिंगबरोबर वळतं, आणि या दोन्ही हालचाली या एका सांध्यात होतात. आजकालचे बहुतेक जॉइंट सीलबंद असतात, त्यात ग्रीस भरायची सोय नसते. त्यामुळे बूट फाटला की आतलं ग्रीस बाहेर पडतं, पावसाचं पाणी आणि रस्त्यावरची बारीक खडी आत शिरते, आणि उरलेलं ग्रीस गोळा घासणारा लेप होऊन बसतं. फाटलेल्या बुटाचा जॉइंट आज घट्ट लागला तरी त्याचं आयुष्य मोजकंच उरलेलं आहे असं मी मानतो. बूट पाहायला तर गाडी उचलावीही लागत नाही, स्टिअरिंग पूर्ण वळवून टॉर्च मारला तरी बहुतेक गाड्यांत तो दिसतो.

मारुती ८०० पासून स्विफ्टपर्यंत आपल्याकडच्या बहुसंख्य छोट्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे. त्यात गाडीचं वजन स्प्रिंगमधून थेट स्ट्रटच्या माउंटवर जातं. खालचा बॉल जॉइंट चाकाला जागेवर धरतो, ब्रेकचा आणि वळणाचा ताण झेलतो, पण वजन पेलत नाही. म्हणून इथे चेसिसखाली जॅक लावून चाक लटकतं ठेवलं की जॉइंट मोकळा होतो. टाटा सुमोसारख्या गाड्यांत पुढे डबल विशबोन आणि टॉर्शन बार. अशा रचनेत स्प्रिंगचा, म्हणजे इथे टॉर्शन बारचा, जोर खालच्या आर्मवर असेल आणि जॅक चेसिसखाली लावला, तर स्प्रिंग आर्मला खाली ढकलत राहते, गोळा वाटीत ताणलेला राहतो आणि प्ले लपू शकतो. तिथे जॅक खालच्या आर्मखाली, जॉइंटच्या जितका जवळ लागेल तितका लावावा लागतो. दोन्ही प्रकारांत गाडी स्टँडवर टेकवल्याशिवाय खाली हात घालू नये, नुसत्या जॅकवर तर मुळीच नाही. मग आर्म आणि नकल (चाकाचा हब धरणारा भाग) यांच्यामध्ये टॉमी घालून हलकेच उचकायचं. चाक वर-खाली धरून हलवलं आणि ढिलाई जाणवली, तर कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगावं. ब्रेक दाबताच ढिलाई गेली तर संशय बेअरिंगवर जातो, राहिली तर सस्पेन्शनच्या सांध्यांवर. डावी-उजवीकडची ढिलाई बहुधा टाय रॉड एंडची असते. किती प्ले चालतो हे मात्र कंपनीचं मॅन्युअलच सांगतं, मेकॅनिकचा अंदाज नाही.

‘हे सगळं वर्कशॉपवाल्यांनी खर्च वाढवायला काढलेलं आहे’ असा आक्षेप येतो, आणि तो सर्वस्वी खोटा नाही. पण त्यावर तोडगा तपासणी टाळणं हा नाही. प्ले स्वतःच्या डोळ्यांनी दाखवायला सांगावं; जो दाखवू शकत नाही, त्याच्याकडून जॉइंट बदलून घेऊ नये. दुसरा आक्षेप असा की एवढी काटेकोर तपासणी लागत असती तर सरकारनेच ती सक्तीची केली असती. आपल्याकडे खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते, आणि मधल्या काळात लागणारं पीयूसी फक्त धूर मोजतं. टॅक्सीला फिटनेस तपासणी आहे, घरच्या गाडीला या काळात नाही. ब्रिटनमध्ये ३ वर्षांच्या गाडीपासून दरवर्षी होणाऱ्या एमओटी तपासणीत सस्पेन्शनचे सांधेही पाहिले जातात. आणि निष्काळजीपणा फक्त मालकाचाच असतो असंही नाही. २००५ मध्ये टोयोटाने अमेरिकेत टॅकोमा, टुंड्रा, सिकोइया आणि फोररनर मिळून सुमारे साडेसात लाख गाड्या खालच्या बॉल जॉइंटच्या दोषामुळे परत बोलावल्या होत्या. गोळा वाटीतून निसटला की चाक कलंडतं आणि स्टिअरिंग चालकाच्या हाती राहत नाही; इंजिन बंद पडण्याची आणि या बिघाडाची जातच वेगळी.

बदलतानाही ‘एकटा जॉइंट बदला, आर्म कशाला?’ असा वाद होतो. काही मारुती गाड्यांत जॉइंट आर्मपासून वेगळा होतच नाही, तिथे पूर्ण लोअर आर्मच घ्यावा लागतो. जिथे वेगळा मिळतो तिथे बुश शाबूत असतील तर फक्त जॉइंट बदलणं योग्यच. जॉइंट काढताना दुतोंडी फाटा घालून हातोडा मारला की बूट चिरतो, म्हणून परत वापरायच्या जॉइंटला पुलरच लावावा. पिन खाचेच्या नटाची असेल तर भोक जुळवायला नट मागे सैल करू नये, पुढच्या खाचेपर्यंत आवळावा आणि स्प्लिट पिन नवी टाकावी. आर्मच्या बुशचे बोल्ट चाक लटकत असताना शेवटपर्यंत आवळले तर गाडी खाली येताच रबर पिळलं जातं आणि नवा बुश लवकर फाटतो. ते गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच आवळायचे. त्यानंतर अलाइनमेंट करून घ्यावं, आधी नाही. ढिल्या जॉइंटवर केलेलं अलाइनमेंट मशीनवर बरोबर दिसतं आणि पहिल्या खड्ड्यात हलतं.