राजपथावरचं शेकरू आणि नावांची अडीच शतकं

२६ जानेवारी २०२२ रोजी दिल्लीच्या राजपथावरून महाराष्ट्राचा चित्ररथ गेला, त्यावर शेकरू होतं. जैवविविधता आणि राज्याची मानचिन्हं हा त्या वर्षीचा विषय. सोबत ब्लू मॉरमॉन फुलपाखरू, हरियाल आणि ताम्हणही होते. लोकांच्या मतदानात हाच चित्ररथ पहिला आला, तेव्हा दिल्ली, नोएडा, गुरुग्रामच्या मराठी घरांत आनंद झाला. इथल्या बागांमधली पाच पट्ट्यांची चिमुकली खार ज्यांनी रोज पाहिली आहे, त्यांना दीड-दोन किलो वजनाचा, तांबूस पाठीचा आणि अंगाहून लांब शेपटीचा हा प्राणीसुद्धा खारच, हे सांगून पटत नाही. राज्यप्राण्याला राजधानीत मान मिळाला याचं मला मनापासून समाधान आहे. पण त्या मिरवणुकीमागे अडीच शतकांचा प्रवास आहे आणि तो सगळाच सुखाचा नाही.

सुरुवात मुंबईच्या नावाने झाली. थॉमस पेनंट या ब्रिटिश निसर्गअभ्यासकाने १७७१ मध्ये या प्राण्याचं वर्णन ‘बॉम्बे स्क्विरल’ म्हणून केलं. १७७७ मध्ये जर्मनीच्या अर्क्सलेबेनने त्याला ‘सायुरस इंडिकस’ हे शास्त्रीय नाव दिलं. दोघांनीही भारत पाहिलेला नव्हता. शेकरू ज्या झाडावर राहतं ते झाड आणि ते रान त्यांच्या वर्णनात येणं शक्यच नव्हतं. ती उणीव थोडी भरून काढली कर्नल साइक्सने. मुंबई सरकारच्या नोकरीत दख्खन पालथी घालताना त्याने इथल्या प्राण्यांची यादी केली. १८३१ मध्ये त्याने घाटातल्या शेकरूला गव्हर्नर एल्फिन्स्टनचं नाव दिलं. पुढे १८६७ मध्ये जॉन ग्रे यांनी या मोठ्या खारींसाठी ‘रॅटुफा’ ही वेगळी प्रजाती केली आणि आजचं ‘रॅटुफा इंडिका’ हे नाव त्यावरून आलं.

मग उपजातींचा काळ आला. मलबारकडची वेगळी, सातपुड्याकडची वेगळी. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या सस्तन प्राण्यांच्या पाहणीतून आलेल्या नमुन्यांवर काम करून के. व्ही. रायली यांनी १९१३ मध्ये मध्य भारतातल्या शेकरूला ‘सेंट्रालिस’ म्हटलं. त्याचा मूळ नमुना पचमढीजवळच्या बोरीच्या जंगलातला. हे वेगळेपण बहुतांशी कातड्याच्या रंगावरून ठरलेलं होतं: पाठ किती काळी, शेपटीचं टोक फिकं की गडद. अशा उपजाती एकूण आठपर्यंत गेल्या. १९५२ मध्ये हुमायून अब्दुलअली आणि जे. सी. डॅनियल यांनी हा पसारा पुन्हा तपासला. आज बरेच अभ्यासक चार-पाचच उपजाती मानतात आणि साइक्सचं ‘एल्फिन्स्टनी’ मूळच्या ‘इंडिका’तच धरतात. तरी भीमाशंकरच्या शेकरूविषयी लिहिताना ते जुनं नाव अजून सर्रास छापलं जातं. ते आता थांबावं असं मला वाटतं.

या साऱ्या यादीत मला सर्वांत अस्वस्थ करते ती ‘डीलबाटा’. ब्लॅनफर्ड यांनी १८९७ मध्ये सुरतेच्या डांगांमधून वर्णन केलेली ही फिकट, जवळजवळ पांढुरकी उपजात. डांग म्हणजे आपल्या नाशिक जिल्ह्याला लागून असलेलं रान. ती आता नामशेष झाली असावी, असं मानलं जातं. तिच्यानंतर आठच वर्षांनी, १९०५ मध्ये, मुंबई इलाख्यात वनाधिकारी राहिलेल्या रॉटन यांनी पाच पट्ट्यांच्या खारीला तीन पट्ट्यांच्या खारीपासून वेगळं काढलं आणि तिला त्याच पेनंटचं नाव दिलं. तिचा मूळ नमुनाही सुरत जिल्ह्यातला, मांडवीचा. हीच दिल्लीची खार. माणसाच्या वस्तीशी जुळवून घेत ती उत्तर भारतभर नांदते आहे. माणसाने नेलं म्हणून ती ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्येही रुजली. एका जिल्ह्याच्या परिसरातून नाव मिळालेल्या दोन खारींच्या वाट्याला इतकी वेगळी नशिबं आली.

याचं कारण शेकरूच्या जगण्यात आहे. ते सहसा जमिनीवर उतरत नाही. फांद्यांच्या शेंड्यांवर डहाळ्या-पानांचं घरटं बांधतं आणि वीसेक फुटांची झेप घेत एका झाडावरून दुसऱ्यावर जातं. माथ्यावरचं छत अखंड असेल तोवरच त्याचा मुलूख. रेने बोर्जेस यांनी भीमाशंकर आणि कर्नाटकातल्या मागोड इथे शेकरूचा बारकाईने अभ्यास केला. फळांची टंचाई असते तेव्हा ते काय खातं आणि त्यात उंबर-वडाच्या कुळातल्या झाडांचं स्थान काय, हे त्यांनी तपासलं. म्हणजे जंगल नुसतं उभं असून भागत नाही, त्यात वर्षभर पुरेल इतक्या तऱ्हांची झाडं लागतात. भीमाशंकरला ती टिकली यात देवराईचा वाटा मोठा. अभयारण्य जाहीर झालं ते बरंच नंतर, १९८५ मध्ये.

नकाशावर शेकरूचा पट्टा आजही भरघोस दिसतो: सह्याद्री, सातपुडा, पूर्व घाट. जागतिक यादीत ते धोक्याबाहेर आहे. पण त्या पट्ट्याच्या आत रानाचे तुकडे पडत आहेत, आणि उपजातीचं नाव ठरेपर्यंत रान वाट पाहत नाही हे डांगने दाखवलं आहे. राज्य सरकारने घाटरस्ते रुंद करताना वरची फांदी फांदीला लागलेली राहील, हे मंजुरीच्या कागदावरच लिहून घ्यावं. आणि नाशिक-डांगच्या सीमेवरच्या वाचकांना एक विनंती: फिकट रंगाचं शेकरू कधी दिसलंच, तर जागा आणि तारीख लिहून वनखात्याला कळवा.